दोन बोटं जागा

आमचे हे शिंपी. रिकामी दिसेल त्या जागी कपडा अडकवायची यांना खोड. त्या दिवशी इस्त्री केलेला जाडजूड कोट वाफ जायला म्हणून यांनी दुकानापुढच्या लिंबोणीला अडकवला. कोवळं झाड ते, माझ्या खांद्याएवढं. फांदी बुंध्यापाशी चिरली आणि कोटासकट खाली लोंबायला लागली.

माझा पारा चढला. लिंबोणी माझ्या नणंदेची, नोकरीसाठी परगावी जाताना तिने लावलेली. आई गेल्यावर यांनीच तिला लहानाचं मोठं केलं, म्हणून झाडही यांच्याच भरवशावर टाकून गेली. पहिला बहर आलाय हे आम्ही तिला फोनवर सांगून बसलो होतो. ती बघायला येणार होती, आणि सगळी फुलं नेमकी त्याच फांदीवर.

"कापून टाकू का गं?" यांनी हळूच विचारलं.

"कात्रीला हात तर लावून बघा," मी म्हटलं.

एका बाजूची साल अजून धरून होती. फांदी उचलून धरली की चीर मिटायची. यांनी खालून काठीचा टेकू दिला आणि अस्तराच्या पट्टीने चीर करकचून बांधली. भार कमी व्हावा म्हणून फुलं मी खुडली. एक तेवढं ठेवलं, कारण हे तोंड पाडून बसले होते.

आठवड्याने बघते तर पट्टी सालीत रुतलेली, पानं मलूल.

"अहो, बहिणीचे फ्रॉक शिवताना वाढतं अंग म्हणून दोन बोटं जागा सोडायचात. बिचारी ढगळ फ्रॉक सावरत शाळेत जायची. झाडाला मात्र नवरदेवाचा कोट शिवलात? तेही वाढतंच आहे ना?"

यांनी चष्मा नाकावर चढवला. पट्टी उसवली आणि बनियनच्या मऊ कापडात इलॅस्टिक घालून नवी शिवली. मग रोज सकाळी दात घासत स्वारी झाडापाशी. हळूहळू पानं ताठ झाली, चीर भरत आली, टोकाला पोपटी पालवी फुटली. मला इतका आनंद झाला की मीच यांना दोनदा चहा दिला. माप द्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला आता आधी फांदी बघावी लागायची.

नणंद आली तेव्हा त्या एका फुलाचं गोटीएवढं लिंबू झालं होतं. बॅग टाकून ती थेट झाडाकडे गेली. हे दारात कात्री घेऊन उभे, चेहरा चोरासारखा.

"कोट अडकवलास ना, दादा?"

"वहिनीने सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? तुला काय आज ओळखते?"

मग तिने पट्टीखाली दोन बोटं सरकवली. अलगद गेली. तिने ती तशीच ठेवली.

"ढगळ म्हणून रडायचे मी," ती म्हणाली. "पण तुझा एकही फ्रॉक मला कधी तोकडा झाला नाही, दादा."

यांनी चष्मा काढला आणि पुसायला नेमका गिऱ्हाइकाचा कोट घेतला. तो कोट मग मीच, न कुरकुरता, पुन्हा इस्त्री केला.