ओल्या पोत्यांचा कारखाना

उन्हाळा लागल्यापासून कारखान्यातून टाकणखाराचा एक खडा बाहेर पडला नव्हता. सोनार दागिन्याचा सांधा डाग देऊन जोडताना वापरतो तोच हा खार. आटलेल्या तळ्याचा पांढरा थर खरवडायचा, कढयांत उकळायचा, गाळलेलं पाणी लोखंडी टाक्यांत सोडायचं आणि वरून तारा लोंबत ठेवायच्या. पाणी निवलं की तारांवर खडे धरायचे. थंडीत भरभरून धरले. आता पाणी निवेचना. सावलीतल्या लोखंडालाही हात लावायची सोय नव्हती.

मंगळवारी मालकाचं पत्र आलं. रविवारपर्यंत माल निघाला नाही, तर कॅम्प उठवायचा. पत्र्याच्या खोल्यांच्या चार रांगांमध्ये एकच प्रश्न फिरू लागला. जवळचं गाव दोन दिवसांच्या वाटेवर. साठ माणसं पोराबाळांसकट जाणार कुठं?

कॅम्पच्या पिण्याच्या पाण्यावर मावशीचा पहारा असे. थेंबाथेंबाचा हिशेब मागते म्हणून सगळे तिला टिपूस मावशी म्हणत. त्या दुपारी ती टाक्यांपाशी काम करणाऱ्यांना पाणी द्यायला गेली. केमिस्टसाहेब डोक्याला हात लावून बसले होते. तांब्या रिकामा करून ते म्हणाले, "मावशी, इतकं गार पाणी आणता कुठून?"

"आणते कुठून? पिंपाला ओलं पोतं गुंडाळलंय. वारा लागला की आपोआप निवतं." बोलता बोलता तिनं टाकीजवळ हात नेला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला. "अगं बाई! अंगात एवढा ताप, आणि तुम्ही याला उघडंच ठेवलंय होय? पोराच्या कपाळावरसुद्धा ओलं फडकं ठेवतो आपण!"

साहेब हसले. मग त्यांचं हसू मधेच थांबलं. ते ताडकन उठले.

"मावशी, पाण्याच्या टाकीची किल्ली द्या!"

"पिण्याचं पाणी? माझ्या मढ्यावरून न्या!" मावशीनं कमरेची किल्ली मुठीत धरली. "ती कडू विहीर काय शोभेला खणलीय? तिचं पाणी गाढवही पीत नाही. ते घ्या हवं तेवढं."

तिचा जावई कारखान्यात फिटर होता. तो कुजबुजला, "आई, फसलं तर लोक आपल्याला हसतील."

"रविवारी सामानावर बसून रडण्यापेक्षा हसलेलं बरं, जावईबापू. चला, पोती उचला!"

"माल भरायची पोती आहेत ती," साहेब चाचरले.

"आधी माल तर निघू द्या!"

मग काय, झुंबड उडाली. कोऱ्या पोत्यांचे गठ्ठे फुटले. जावयानं टाक्यांभोवती तारा आवळून पोती बांधली. विहिरीपासून टाक्यांपर्यंत माणसांची रांग लागली आणि हातोहात बादल्या फिरू लागल्या. आचारी भात करपवून रांगेत आला, तरी कुणी ब्र काढला नाही. ज्या झळांना सगळे शिव्या घालत, त्याच आता पोत्यांतून सणसणत गेल्या की मावशी ओरडे, "वाह रे वाऱ्या, ये असाच!" पोती सुकली रे सुकली की नवी बादली. बुधवार गेला, गुरुवार गेला. शुक्रवारी मावशीनं टाकीला तळहात लावला आणि चांगला दहा आकडे मोजेपर्यंत ठेवला.

शनिवारी सकाळी सगळा कॅम्प टाक्यांभोवती जमला. जावयानं पहिली तार धरली, ओढली, आणि त्याचा चेहराच बदलला.

"जड आहे!" तो किंचाळला. "साहेब, जड आहे!"

तार वर आली. मनगटाएवढी जाड, टोकापासून टोकापर्यंत खड्यांनी लगडलेली! साहेबांनी चक्क मावशीचे पाय धरले. जावई टाकीच्या काठावरच नाचायला लागला. "अहो, पडाल आत, आणि तुमच्यावर खडे धरतील!" मावशी ओरडली, पण तिच्याच डोळ्यांना धार लागली होती.

कारखाना पुढं एकतीस वर्षं चालला. चार रांगांच्या चौदा झाल्या, शाळा आली, दवाखाना आला. दर उन्हाळ्यात पोती भिजवणाऱ्या टोळीची मुकादम मावशीच असायची. हजेरीपटावर चढलेलं ते पहिलं बाईमाणूस.

पोती बांधली त्याच वर्षी मालक स्वतः आले आणि विचारू लागले, ही युक्ती काढणारा इंजिनिअर कोण? लोकांनी मावशीला पुढं ढकललं.

"काय बक्षीस देऊ, बोला," मालक म्हणाले.

"कडू विहिरीवर पंप बसवा," मावशी फटकन म्हणाली. "बादल्या ओढून आमच्या पोरींचे खांदे निखळायला आलेत."

महिन्याभरात पंप आला. जावयानं तो बसवला आणि खटका मावशीला ओढायला लावला. पाण्याचा लोट असा काही उसळला, की मावशी नखशिखांत भिजली, आणि पाणी वाया जातंय हे तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच लक्षात आलं नाही.