सगळ्यात खालची जागा

रुग्णालयाच्या धुलाईखान्यात पहिलं टेबल म्हणजे वॉर्डांतून आलेली मळकी गाठोडी सोडायचं टेबल. रक्त, पू, ओकारी आणि ज्याचं नाव जेवताना घेऊ नये ते सगळं आधी तिथे येतं आणि मग मशीनमध्ये जातं. त्या टेबलापाशी एकवीस वर्षं एकच बाई उभी होती. तिला सगळे मावशी म्हणत. मुकादमही म्हणायचा, तो तिच्याहून जेमतेम दोन वर्षांनी लहान असला तरी. मावशीचं कसब असं की चादरीवर ती तळवा कधी फिरवायची नाही, हाताची पाठ फिरवायची. घडीत सुई राहिली असेल तर पाठीवर नुसता ओरखडा उठतो, तळव्यात मात्र ती आत घुसते. सुया, कात्र्या, तीन कवळ्या आणि एकदा कुणाच्या तरी लग्नातली अंगठी, एवढं तिनं चादरींतून वेचून काढलं होतं, पण स्वतःला एकदाही टोचून घेतलं नव्हतं.

या नोकरीसोबत आवारातली एक खोली होती. एक खिडकी, एक खाट, भिंतीला टेकवलेलं कपाट. नवरा जाऊन पंधरा वर्षं झालेली, पोटी मूल नाही, भाऊ होता तो भावजयीच्या मुठीत. टेबल सुटलं की खोली सुटली, असा तिथला नियम होता आणि मावशीला तो पाठ होता.

त्या वर्षी मावशी जायची त्या चर्चमध्ये नवे पाळकसाहेब आले. माणूस भला होता, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे ते आठवणार नाही. आधीचे पाळक उंटावरून शेळ्या हाकणारे होते. यांना ते मान्य नव्हतं. नाताळला चार आठवडे राहिले तेव्हा त्यांनी उपदेशात विचारलं, "देव माणूस झाला म्हणजे नक्की काय झालं? त्यानं वर बसून सूचना पाठवल्या का? नाही. तो खाली आला. त्यानं आमची जागा घेतली." मागच्या बाकावर मावशीनं मान डोलावली. मग साहेबांनी जाहीर केलं की नाताळपर्यंत रोज सकाळी आपण मजूर म्हणून राबणार, आणि तेही सगळ्यात खालच्या जागी. मंडळी गहिवरली. उंटावरून उतरणारा पाळक त्यांनी प्रथमच पाहिला होता. उतरताना पाय कुठे पडेल, हे बघायचं मात्र कुणाला सुचलं नाही.

सोमवारी साहेब धुलाईखान्यात आले. मुकादम चर्चचा पंच होता, त्यामुळे स्वागताला दारातच उभा.

"सगळ्यात खालची जागा कुठली?" साहेबांनी विचारलं.

मुकादमानं त्यांना पहिल्या टेबलापाशी नेलं. "ही. हिच्याखाली फक्त गटार."

साहेबांनी बाह्या वर केल्या आणि मावशीकडे वळून हात जोडले. "मावशी, चार आठवडे तुमची जागा मला द्याल?"

आता पाळकानं हात जोडून मागितल्यावर बाई काय म्हणणार? तोंडून जे निघायचं तेच निघालं, "घ्या की साहेब, तुमचीच आहे." असं आपण म्हणतो. कुणी घर बघायला आलं तरी म्हणतो, आणि तो पाहुणा दुसऱ्या दिवशी बिछाना घेऊन येत नाही, एवढी अक्कल दोन्ही बाजूंना असते.

मुकादमानं पंधरा मिनिटांत कागद करून आणला. "रजेचा अर्ज आहे, मावशी. सही कर." तिचा चष्मा खोलीवर होता. तिनं सही केली. खाली साक्षीदार म्हणून साहेबांनी सही केली. साहेबांना चष्म्याशिवाय वाचता येत होतं, पण त्यांनी वाचलं नाही.

जायच्या आधी मावशीनं त्यांना हाताची पाठ कशी फिरवायची ते दाखवलं. साहेबांनी मन लावून ऐकलं आणि तिसऱ्याच दिवशी तळव्यात सुई घुसवून घेतली. रविवारी तो पट्टी बांधलेला हात त्यांनी आशीर्वाद देताना वर केला तेव्हा दोन बायकांनी डोळे पुसले. मावशीच्या मनात आलं, एकवीस वर्षं न टोचून घेतल्याबद्दल मात्र कुणी कधी रडलं नाही. आलेला विचार पाप आहे असं वाटून तिनं तो तिथल्या तिथे गिळला.

शेजारच्या खोलीत इस्त्रीवाली राहायची. धुलाईखान्यातली खबर रोज संध्याकाळी तीच आणायची.

"अगं, साहेब गाणी काय म्हणतात, फोटो काय काढतात! आज रुग्णालयाचे अधीक्षक स्वतः बघायला आले होते."

"काम उरकतं का पण त्यांना?"

"उरकतं म्हणजे? आम्ही आहोत ना. देवमाणसाला कशाला त्रास? गाठोडी मशीनवाली सोडते, मोजते मी, पिळायला टाकणारी घाण झटकून घेते. साहेब सगळ्यांशी प्रेमानं बोलतात."

मावशीनं तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. झाली नाही. उलट तिला बरं वाटलं, आपल्या टेबलाला एवढा मान मिळतोय म्हणून. ती दिवसभर खोलीत बसून हात निरखायची. बसून खायची सवय नव्हती आणि बिनपगारी रजेत खायलाही बेताचंच होतं.

नाताळच्या आधीच्या मंगळवारी तिच्या दारावर चिठ्ठी लागली. पहिल्या टेबलाला वेगळ्या माणसाची गरज नाही, असं या चार आठवड्यांत दिसून आलं आहे. सबब ती जागा रद्द. खोली नाताळच्या सकाळपर्यंत रिकामी करावी, ती बॉयलरवाल्याला दिली आहे.

मावशी चष्मा लावून मुकादमाकडे गेली. त्यानं कागद पुढे केला. त्यात लिहिलं होतं की मी माझी जागा राजीखुशीनं सोडत आहे. चार आठवड्यांचा उल्लेख कुठेच नव्हता.

"हा रजेचा अर्ज आहे होय रे?"

"तू म्हणालीस ना, घ्या, तुमचीच आहे? सगळ्यांनी ऐकलंय. वर साहेबांची साक्ष." मुकादमानं कागदाची घडी घातली. "वरून माणसं कमी करायला सांगितलंय, मावशी. मी तरी काय करू? कुणाच्या तरी पोटावर पाय येणारच होता. तू एकटी आहेस. बाकीच्यांना पोरंबाळं आहेत."

आता सगळं एका माणसाच्या जिभेवर होतं. साहेबांनी अधीक्षकांना दोन ओळी लिहिल्या असत्या, की बाईनं जागा चार आठवड्यांसाठीच दिली होती, मी समोर होतो, तर कागदाची किंमत रद्दीएवढीही उरली नसती. मावशीला त्याबद्दल शंकाही नव्हती. ज्यानं खाली यायला मागंपुढं पाहिलं नाही, तो एवढंसं बोलायला कशाला मागे राहील? सणाच्या गडबडीत साहेब धुलाईखान्यात यायचे थांबले होते. ती बुधवारी त्यांच्या घरी गेली, तर ते गाण्याच्या तालमीत होते. गुरुवारी गेली, तर आजाऱ्यांना भेटायला गेलेले. पाळकीणबाई म्हणाल्या, "नाताळ झाल्यावर या ना निवांत."

नाताळच्या सकाळी बॉयलरवाला आपली खाट घेऊन दारात उभा राहिला. भला माणूस, शरमेनं मान खाली घालून उभा होता, पण उभा होता. मावशीनं दोन गाठोडी इस्त्रीवालीच्या खाटेखाली सरकवली आणि ती चर्चला गेली.

साहेबांचा त्या दिवशीचा उपदेश फार रंगला. बाळ जन्माला आलं, त्याला भूक लागली, थंडी लागली, त्यानं दुपटी ओली केली. देवाला दुपटी! मंडळी हसली आणि रडलीही. मग साहेब म्हणाले, "मला हे धुलाईखान्यात कळलं. जिची जागा मी घेतली ती मावशी इथे बसली आहे. मावशी, पुढे या."

ती पुढे गेली. टाळ्या पडल्या. साहेबांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा ती त्यांच्या कानाशी झुकून पुटपुटली, "साहेब, माझी जागा गेली."

साहेबांचा चेहरा उजळला. "हो मावशी!" ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मीच घेतली ना!" पुन्हा टाळ्या. पुढच्या बाकावर मुकादम सगळ्यांत जोरात वाजवत होता.

दुपारी ती पाळकांच्या घरी गेली. जेवणं चालली होती. मुकादम पाहुणा म्हणून साहेबांच्या उजव्या हाताला बसलेला. मावशी उंबऱ्यापाशी थांबली आणि यावेळी तिनं सगळं मोठ्यानं, पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. टाळ्या वाजवायला कुणी नसल्यामुळे ते नीट ऐकू गेलं.

साहेबांचा घास हातातच राहिला. "मुकादम, हे खरं आहे?"

"कागद खरा आहे, साहेब. तुमची सही आहे त्यावर." मुकादम पाणी प्यायला. "तुम्हाला ती खोटी ठरवायची असेल तर ठरवा. मी अधीक्षकांना सांगेन, साहेबांनी न वाचता सही केली. मग चर्चच्या छपराला रुग्णालयाकडून पत्रे मिळवून द्यायचं आपण जे बोललो होतो, ते मात्र मला जमेलसं वाटत नाही."

साहेबांनी घास ताटात ठेवला. रंग उडाला होता त्यांचा, आणि मावशीला क्षणभर वाटलं की आता हा माणूस उठेल. त्यांनी छताकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, हाताच्या पट्टीकडे पाहिलं.

"मावशी, आज सण आहे," ते म्हणाले. "घाईनं काही करण्यात अर्थ नाही. मी प्रार्थना करतो. नव्या वर्षात बघू."

"आणि नव्या वर्षापर्यंत मी कुठे राहू?"

"इस्त्रीवालीकडे..."

"तिच्याकडे पाच माणसं आहेत एका खोलीत. तुमच्याकडे मागची खोली रिकामी आहे. तुमच्याकडे राहते. तुम्ही माझ्या जागी राहिलात, मी तुमच्या राहते."

पाळकीणबाई चटकन पुढे झाल्या. "अहो, पण माझी बहीण येणार आहे मुलांना घेऊन. खरंच जागा नाही हो आमच्याकडे."

बोलून झालं आणि त्यांनी ओठ चावला. सकाळीच त्या घरातल्या सगळ्यांनी चर्चमध्ये उभं राहून ऐकलं होतं, की त्या बाळाच्या गरोदर आईला धर्मशाळेतून अशाच शब्दांत परत पाठवलं होतं आणि बाळ गोठ्यात जन्मलं होतं. मग मुकादम घास चावत म्हणाला, "एखादा गोठा बघ की मावशी, रिकामा!"

आणि साहेब हसले. थोडंच हसले, हसू आवरायच्या आत निसटलं आणि लगेच गिळूनही टाकलं, पण हसले.

मावशीनं ते पाहिलं. एकवीस वर्षं घाणीत हात घालूनही तिला कधी शिसारी आली नव्हती, ती तिथे आली. रडू मात्र आलं नाही.

"साहेब," ती म्हणाली, "मी लहानपणी धर्मशिक्षणात शिकलेय. मला उपदेश येत नाही, एवढंच येतं. देव खाली आला तो परत जायला मोकळा राहून नाही आला. परत गेला तो मरून, आणि गेला तोसुद्धा अंगासकट, खिळ्यांनी भोकं पडलेल्या हातांसकट. माणूसपण इथे खुंटीला टांगून नाही गेला. अजून माणूसच आहे तो तिथे. तुम्ही चार आठवड्यांत आंघोळ करून घरी आलात. आणि तो कुणाला हटवून गव्हाणीत निजला नव्हता. सगळ्यात खालची जागा तुम्ही मागितलीत, पण ती रिकामी कधीच नसते साहेब, तिथे कुणीतरी उभं असतंच."

साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते खरं पाणी होतं. ते उठले. मावशी एक पाऊल पुढे आली. साहेब तिच्या शेजारून खिडकीपाशी गेले, तिथली वही उघडली आणि उभ्या उभ्याच भराभरा लिहू लागले.

"अंगासकट," ते लिहिता लिहिता म्हणाले. "खुंटीला टांगून... मावशी, तुम्हाला कल्पना नाही, हे किती मोठं बोललात तुम्ही. देवाच्या देहधारणेवर इतकं नेमकं मी कुठे ऐकलेलं नाही. येत्या रविवारी सांगू का मी हे? तुमच्या नावानिशी?"

मावशीनं पायात चपला सरकवल्या.

"नाव नका घेऊ," ती म्हणाली. "नाव घेतलं की लोक विचारतात, कुठे राहते."