रविवारचं पिवळं पाणी

"निघाली! निघाली!"

हिंगोलीजवळच्या गोरेगावच्या बाजारात, लिंबाखाली, रविवारी सकाळी हा गलका उठला की समजायचं, सटवाजी महाराजांनी कुणाची तरी कावीळ उतरवली. रोग्याच्या अंगावरून फिरवलेले हात महाराज परातीत धुवायचे, तसं परातीतलं पाणी पिवळं व्हायचं, बाया हात जोडायच्या आणि महाराज मिशीवर ताव देत म्हणायचे, "पाण्यानं पिवळं वढलं! डाक्टरच्या बापाला जमंल का?"

त्या रविवारी रांगेत नर्मदाकाकू दिसल्या आणि माझं डोकंच फिरलं. काकू माझ्या शेजारच्या. मी इथल्या शाळेत विज्ञान शिकवते. हिंगोलीला त्यांची सोनोग्राफी मीच सोबत जाऊन करवली होती. पित्ताच्या नळीत खडा अडकलेला. डॉक्टरांनी नीट समजावलं होतं, की नांदेडला पडद्यावर बघत बघत बारीक सुई लिव्हरमध्ये नेतील, नळी बसवतील, तुंबलेलं पित्त बाहेर काढतील. मोठी चिरफाड नाही. फक्त उशीर करू नका.

"काहून आणलं रे इथं?" मी त्यांच्या लेकाला, सोमेश्वरला विचारलं.

"मॅडम, जित्या माणसाच्या काळजात सुई घालतेत व्हय? महाराज तीन रविवारात उतरवतेत. आज तिसरा. पाणी दर बारीला फिक्कं होऊन राहिलं, बघा की तुमी!"

पाणी फिक्कं होत होतं खरं. काकू मात्र आणखी पिवळ्या पडल्या होत्या, भर उन्हात कुडकुडत होत्या. अंगाला हात लावला तर चटका बसला.

महाराजांची लबाडी एकदा उघडी पाडायची म्हणून मी त्या दिवशी शाळेतल्या आंब्याची ओली साल सोबत आणलीच होती. सगळ्यांसमोर ती तळहातांवर खसाखसा चोळली. पानटपरीवरचा चुना तांब्यातल्या पाण्यात कालवला आणि त्या पाण्यानं हात धुतले. पाणी पिवळंधमक!

"बघा! महाराजांच्या हाताला हाच रस, परातीत चुन्याचं पाणी. रस कमी लावला की पाणी फिक्कं. साधी कावीळ बहुतेक वेळा आपोआप बरी होते आणि नाव यांचं होतं. अडकलेल्या खड्याला कुठलं पाणी ओढणार?"

पुढचे दोघं-तिघं तांब्यात डोकावले. मग मागून कुणीतरी ओरडलं, "आरं, मॅडमलाबी कावीळ हाय! बसवा रांगेत!"

गर्दी खो खो हसली. महाराजही हसले. हसला नाही तो एकटा सोमेश्वर. त्यानं तांब्याकडं पाहिलं, मायच्या डोळ्यांकडं पाहिलं आणि जीप बघायला पळाला.

नांदेडला नळी बसली. ज्या सुईची धास्ती घेतली होती, तिचं काम चटकन झालं. पण नळीतून पू आला. विष रक्तात भिनलं होतं. "मागच्या आठवड्यात आणलं असतं तर..." एवढंच डॉक्टर म्हणाले. काकू गेल्या.

तेराव्याला सोमेश्वरची बायको माझ्याशी बोलली नाही. गावात एकच बोलणं: मॅडमनं उतारा मोडला, म्हणून म्हातारी गेली. सोमेश्वर खाली मान घालून बसला होता. मी घरी येऊन ढसाढसा रडले. लिंबाखालची रांग आता वाढली आहे, आणि ती मोडेल असं मला वाटत नाही.

तरी सांगते. आंब्याची साल हाताला चोळा, चुन्याच्या पाण्यात धुवा, स्वतः बघा. आणि घरात कुणाचे डोळे पिवळे दिसले, तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या. रविवारची वाट बघू नका.