नगरप्रमुखांचा गोल

बुटाच्या नाडीला गाठ बसली होती, ओली, हट्टी — नखानं सुटेना आणि दात लावावा तर एवढं वाकवत नव्हतं. तिखोन येगोरोविच तिच्याकडे नुसता बघत राहिला. बाहेर बँड सुरू झाला होता. शहराचा वाढदिवस, दरवर्षीसारखा जुन्या खेळाडूंचा नगरप्रमुखांच्या संघाशी फुटबॉल सामना, आणि दरवर्षीसारखंच शेवटच्या पाच मिनिटांत नगरप्रमुख डावीकडून येणार, तिखोननं चकायचं, लोळायचं, गोल होऊ द्यायचा. चार वर्षं हेच. सोळा हंगाम तो बचावाला उभा राहिला, 'कुलूप' म्हणायचे त्याला — त्यापायी दोन बरगड्या गेल्या, एक गुडघा गेला... आणि आता बाजारात काकड्या निवडताना बायका हसून विचारतात ते त्या लोळण्याबद्दल. इतकं प्रेम तेव्हा कुठे होतं? अडवलेला गोल कोण लक्षात ठेवतो — जे घडलंच नाही त्याची आठवण कशी राहणार?

आज गोल सोडणार नाही, असं तो सकाळी बायकोजवळ बोलून गेला होता. संत पीटरच्या उपासाचे दिवस; ग्लाफिरा बिनदुधाची लापशी ढवळत होती. मान वर न करता म्हणाली, "जाऊ दे की त्याला. लोक चार घटका हसतात, तुझं काय झिजतं त्यात?"

झिजतं, ग्लाफिरा. बाकी सगळं झिजून एवढंच उरलंय. तू बुधवार-शुक्रवारचे उपास पाळतेस ते काय कुणी बघतंय म्हणून?... हे मनाशीच म्हणत तो तसाच उठला.

गोलरक्षक सावेलीनं मैदानात शिरता शिरता सांगून ठेवलं, "कुलपा, आज जरा ऐटीत लोळ. नातू फोटो काढतोय."

आणि पाच मिनिटं उरली तेव्हा नगरप्रमुख आलेच, पन्नाशीचे, गाल फुगवून, चेंडू पायापासून हातभर लांब — प्रेक्षक ताल धरून ओरडत होते, उघड, कुलपा, उघड! तिखोननं चेंडूकडे पाहिलं नाही. पाय फसवतात, कंबर फसवत नाही. त्यांची कंबर डावीकडे वळली, त्याला ती वळण्याआधीच कळली, पूर्वी कळायची तशीच लख्ख, आणि सगळा जीव एकवटून त्यानं पाय टाकला — पाय गेला, पण मागाहून, दुसऱ्याच कुणाचा असावा तसा.

तोंडात गवत. शिट्ट्या, हसू, टाळ्या.

नगरप्रमुखांनी हात देऊन त्याला उठवलं आणि धापा टाकत म्हणाले, "तिखोन येगोरोविच, यंदा कमाल केलीत. मला क्षणभर वाटलं, खरंच अडवताय."

खरंच अडवत होतो... ओठांशी आलं. सांगितलं तर आणखी हसतील. त्यानं लोकांकडे पाहून हात हलवला. लोक उभे राहिले. आणि हात वर असतानाच त्याच्या मनात आलं, की गेल्या वर्षी तर आपण सोडलं होतं. मुद्दाम. त्याच्या आदल्या वर्षीही... सोडलंच होतं ना?