राहीने फेडलेलं मुद्दल

आत्मारामशेटची उधारी माणसासोबत सरणावरही जळत नाही, असं पूर्णगडात म्हणत. शेट उधारीवर तांदूळ, कापड देई आणि ती फिटेपर्यंत घरची मासळी त्याच्याच वाळवणीच्या खळ्यात, तो सांगेल त्या दराने घालावी लागे. रिवाजच तसा. राहीचा नवरा दर्यात बुडाला, तेव्हा दिवसकार्यालाच शेट दारात उभा. सांत्वन राहिलं बाजूला. तिच्या लेकीकडे, मैनेकडे बघून म्हणाला, "हिला उद्यापासून खळ्यात धाड. बापाचं हिनंच फेडायचं हाय."

राहीच्या डोळ्यांतलं पाणी तिथेच आटलं. शिव्याशाप देऊन काय होणार? शाप फुकट मिळतात, म्हणूनच ते सावकाराला लागत नाहीत. हा मेला आपल्या व्याजावर पोसलाय, तर व्याजच तोडायचं, असं तिने मनाशी धरलं.

आधी तिने शेटच्या दुकानाची पायरी सोडली. होडीवरच्या पाट्या वाहिल्या की बायांना मूठभर मासळी मिळे. ती खाण्यापुरती, म्हणून तिच्यावर शेटचा हक्क नव्हता. राही ती खाईना. ती छपरावर वाळत घाली आणि पावसाळ्याआधी लोक आगोटीची बेगमी करू लागले की पाटी डोक्यावर घेऊन वरच्या गावांत विकून येई. घरात नुसती पेज.

"गो, मासळी असून अशी कोरडी पेज पितंस?" शेजारची जनी म्हणाली.

"मी शेटला तोंडी लावतंय," राही म्हणाली. "गोड लागतो."

पैसे जमले तसा शेट मधाळ झाला. "घाई कसली गो? व्याज दे, मुद्दल राहू दे." मुद्दल फिटलं तर मासळी हातची जाणार, हे त्याला कळत होतं. राही नारळीपौर्णिमेपर्यंत थांबली. त्या दिवशी दर्यासमोर कुणी दिलेलं नाकारायचं नाही, ही गावची रीत. सगळ्यांदेखत तिने मुद्दलाची पुरचुंडी शेटच्या ओंजळीत ठेवली. एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून त्याला ती घ्यावी लागली. मैना खळ्यातून सुटली.

एवढ्याने तिचा राग शमला नाही. तिने बायांची भिशी घातली. जिची पाळी येईल, तिचं कर्ज त्या पैशांतून फेडायचं. पहिली जनी सुटली, मग एकेक करत सगळ्याच. सगळ्यांची मासळी राहीच्या अंगणात वाळू लागली, राहीच ती विकू लागली आणि शेटच्या खळ्यात कुत्री लोळू लागली.

शेटने मात्र मुंबईच्या व्यापाऱ्याकडून सुक्या मासळीपोटी आगाऊ पैसे घेऊन घरावर माडी चढवली होती. व्यापाऱ्याचा माणूस माल मागत ओटीवर येऊन बसला, तेव्हा शेट राहीकडे धावला.

"राहीबाय, माल दे. पैसे दिवाळीला देतंय."

राहीच्या अंगावर सुखाने काटा आला. ह्याच घटकेसाठी तिने इतकी वर्षं दात आवळले होते. "देतंय की," ती म्हणाली. "पण फिटेपर्यंत दुसऱ्या कुणाकडनं माल घ्यायचा नाय. भाव मी सांगेन तो."

शेटने मान खाली घालून होकार दिला.

अंगणात मासळी पालटणारी जनी उठली. आपली मांदेली पाटीत भरू लागली.

"खंय चाललीस गो?"

"माझी माझ्या दारात वाळवतंय," जनी म्हणाली. "एका शेटाच्या हातनं आताच सुटलंय, राही. दुसरा नको."

पाठोपाठ बाकीच्या बायाही उठल्या. राहीने कुणाला थांबवलं नाही. ती शेटला मासळी मोजून घालत राहिली.