वाकड्या रेघा

“हेमराज, खरं सांग, सकाळी सकाळी घेतो काय रे थोडीशी?” किसनरावांनी यंत्राच्या पडद्यावर बोट टेकवलं. “अख्ख्या धरणात तुह्या रेघा सुतावानी सरळ. अन् या एका जागी आल्या का नागमोडी. अठरा दिवस झाले, पाहून राह्यलो मी.”

“वारा राह्यते तिथं, साहेब,” हेमराज म्हणाला आणि फडकं घेऊन बोटीचं इंजिन पुसू लागला.

काठावर उभ्या असलेल्या मोहिनीनं, त्याच्या बायकोनं, ते ऐकलं. पण तिचं चित्त मागे होतं. शेजारच्या वच्छलाबाईंच्या कडेवर मोहिनीची तीन वर्षांची लेक सपना होती. तिच्या पायांत मोहिनीनं घुंगरांचे पैंजण घातले होते. हौस म्हणून नव्हे, पोर पाण्याच्या दिशेनं निघाली तर आधी कानाला कळावं म्हणून.

“वच्छलाबाई, हात सोडू नका हं तिचा.”

“नाई सोडत वो! पाचव्यांदा सांगून राह्यली तू. आता काय कमरेले दोर बांधू?”

बांधला तर बरंच होईल, असं मोहिनीला वाटून गेलं. ती बोटीत चढली. किसनरावांनी दिलेलं नारिंगी जाकीट तिनं घातलं, मग सासऱ्यांच्या जाकिटाचे बंद बांधले, एकदा बांधलेले पुन्हा ओढून पाहिले. नानाजी मुकाट्यानं बांधून घेत होते.

किसनराव राहायचे वर्ध्याला, नालवाडीत. धरणाचा तळ कुठे किती खोल राहिला, गाळ किती साचला, हे मोजायचं काम त्यांच्याकडे होतं. बोटीवर त्यांनी वहीएवढ्या पडद्याचं यंत्र बसवलं होतं. प्लॉटर म्हणायचे त्याला. ते उपग्रहाला विचारून बोटीची जागा दाखवायचं आणि बोट जाईल तिथे मागे रेघ उमटवत जायचं. शेजारचं दुसरं यंत्र खाली किती पाणी आहे ते सांगायचं. हेमराज रोजीवर बोट हाकत होता. आज शेवटचा दिवस. दुपारी सगळी यंत्रं पेटीत भरून नागपूरला जाणार होती.

म्हणूनच काल डबा घेऊन आली तेव्हा मोहिनीनं धीर करून विचारलं होतं, “साहेब, यात एखादी जागा लिहून ठेवता येते काय? म्हणजे पुन्हा कधी सापडावी अशी?”

“येते न. खूण करायची. मग दहा वर्षांनी या, पाच-सात पावलांच्या फरकानं तिथंच आणून सोडते. कोणती जागा पाह्यजे तुम्हाले?”

तेव्हा तिनं सांगितलं होतं.

आठ वर्षं झाली होती. तिची पहिली मुलगी नवव्या दिवशी गेली. एवढ्याशा लेकराला जाळत नाहीत, माती देतात. तिथे बायकांनी जायचं नसतं. नानाजी आणि हेमराज धुडक्यात गुंडाळलेलं लेकरू घेऊन गेले, दोन तासांनी दारातच हातपाय धुऊन आत आले. कुठे ठेवलं, ते कुणी सांगितलं नाही. आईनं विचारायचं नसतं. पुढे दोन वर्षांनी त्यांचं गाव, मांडवखेड, धरणाच्या पाण्याखाली गेलं. लोकांनी दारं-चौकटी काढून नेल्या, देव नेले, मोहिनीनं तुळससुद्धा मुळासकट नेली. नेता आलं नाही ते राहिलं. नव्या वसाहतीत आल्यावर तिनं हेमराजला एकदाच विचारलं. “मले नाई आठवत,” म्हणून तो भरल्या ताटावरून उठला होता. त्याचं ते विसरणं तिनं सहा वर्षं मनातून काढलं नव्हतं.

जागा ठाऊक होती ती नानाजींना. आणि नानाजी आता विसरायला लागले होते. परवा सपनाकडे पाहून त्यांनी विचारलं होतं, “हे कोनाची पोर वो सूनबाई? रूपरावची काय?”

बोट काठापासून सुटली. मोहिनीनं दोन्ही हातांनी फळी धरली. घुंगरं थोडा वेळ ऐकू आली, मग इंजिनाच्या आवाजात बुडाली.

“मामाजी, आठवते न तुमाले?” तिनं सासऱ्यांना विचारलं.

नानाजी चारी बाजूंचं पाणी पाहत राहिले. “इथून काय समजते, पोरी? सगळं सारखंच दिसून राह्यलं.” मग त्यांची नजर पडद्यावर गेली. “याच्यात पानी कुठं हाय, साहेब?”

किसनराव हसले. “नाई न बाबाजी. कंपनीवाल्यांचा नकाशा जुना हाय, त्यात धरणच नाई. या मशीनच्या हिशोबानं आपून आता कोरड्या जमिनीवर चालून राह्यलो.”

नानाजी पडद्यावर वाकले. बराच वेळ वाकलेले राहिले. “म्हनजे याले अजून खबरच नाई? गाव बुडाल्याची?”

नानाजींनी पडद्यावर बोट ठेवलं.

“मंग नेतो मी,” ते एकदम म्हणाले. “हेमराज, देवळापासून घे.”

मे महिना होता, पाणी उतरलं होतं. मारुतीच्या देवळाचा कळस हातभर वर आला होता आणि त्यावर एक पाणकावळा पंख वाळवत बसला होता. बोट कळसापाशी आली तसे नानाजी ताठ झाले. चपला काढून त्यांनी हात जोडले.

“आता डाव्या हाताले. सरळ नको! लक्ष्मणरावच्या आंगनातून नेतं काय? वळसा घाल. मानसं बसली असन तिथं.”

हेमराजनं वळसा घातला.

“हे रूपरावचं घर. इथं त्याची बैलबंडी आडवी राह्यची, निघताच येत नोतं. जरा कडेनं. हां. आता उजवीकडं.”

किसनराव आधी हसत होते, मग यंत्राजवळ सरकले. पडद्यावर बोटीमागे गल्ली उमटत होती. कोपरे, बोळ, चावडीपुढचं वळण. मोहिनी पाहत होती; याच वळणावरून ती लग्नाच्या जीपमधून आली होती.

“हे आपलं,” नानाजी म्हणाले.

पाण्याची खोली मोजणारं यंत्र सहा मीटर दाखवत होतं. मोहिनीनं पाण्यात पाहिलं. गढूळ हिरव्याखेरीज काही दिसलं नाही. खाली तिची चूल होती.

“दारातूनच निघालो होतो आमी. चाल हेमराज, चाल.” नानाजींचा आवाज बारीक झाला. “ही पांदनीची वाट. आता नाला. पाय जपून... मंग अन्नाजीच्या वावराच्या धुऱ्यानं वर. धुरा संपला का हिवराचं झाड...”

ते “थांब” म्हणाले तेव्हा इंजिन आधीच बंद झालं होतं. हेमराजनं ते कधी बंद केलं, कुणाला कळलं नाही.

पाणी बोटीला चुबुक चुबुक लागत राहिलं. मोहिनीनं पडद्याकडे पाहिलं. अठरा दिवसांच्या रेघा दाट, सरळ, शेजारी शेजारी; आणि इथे येऊन प्रत्येक रेघ वाकलेली. काही या बाजूनं, काही त्या बाजूनं. मध्ये चिंचोक्याएवढी जागा पांढरी राहिली होती. त्या पांढऱ्याच्या काठाशी त्यांची बोट उभी होती.

किसनरावांनी हेमराजकडे पाहिलं.

“तुमाले तं आठवत नोतं न?” मोहिनी हळूच म्हणाली.

हेमराज पाण्याकडे पाहत होता. हातातलं फडकं त्यानं पिळलं. कोरडंच होतं ते.

“तिच्यावरून इंजिन कसं नेऊ?” तो म्हणाला.

मोहिनीनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. सासरे समोर, परका माणूस शेजारी. एरवी तिनं ठेवला नसता.

काही वेळानं किसनराव खाकरले. “वरून जायचं काम नाई. इथूनच खूण सरकवता येते.” त्यांनी बटणं दाबत पडद्यावरची फुली अलगद पांढऱ्या जागेत नेली. टिक असा आवाज झाला. “सत्तेचाळीस नंबर घेतला यानं. नाव काय टाकू, ताई? बिननावाच्या खुणा हापिसात उडवून टाकतात.”

“बारसंच झालं नोतं, साहेब,” नानाजी म्हणाले. “तीन दिवस राह्यलते.”

“जयवंता,” मोहिनी म्हणाली.

नानाजींनी मान वर केली. “तुह्या सासूचं?”

“बारशाच्या दिवशी सांगनार होती मी.”

नानाजींचे ओठ हलले. आत्यानं लेकराच्या कानात सांगावं तसं ते नाव त्यांनी एकदा स्वतःशीच म्हटलं.

किसनराव एकेक इंग्रजी अक्षर शोधत होते. सहा झाली आणि यंत्र पुढे जाईना. त्यांनी दोनदा पुन्हा पाहिलं. “सहाच अक्षरं घेते हे, ताई. शेवटचा ‘ता’ बसत नाई.”

“असू द्या.”

“अन् साहेब, हा तुकडा...” हेमराजनं प्रथमच त्यांच्याकडे पाहिलं. “मोजाचा राह्यला.”

“राह्यला तं राह्यला,” किसनराव म्हणाले. “वारा होता म्हणून सांगतो.”

इंजिन सुरू झालं. मोहिनी वळू लागली तशी नानाजींनी तिच्या दंडाला धरलं. “मागं पाहू नको, पोरी. इथून जातानी पाहत नसते.”

तिनं मान वळवली नाही. समोर पडदा होता. बोट पुढे निघाली तशी ती खूण हळूहळू खाली सरकू लागली, अर्ध्या नावासकट. मोहिनी तिच्याकडेच पाहत राहिली. कुणी सांगितलं नाही तरी हेमराजनं रूपरावच्या घराच्या कडेनं बोट काढली, लक्ष्मणरावांच्या अंगणाला वळसा घातला. इंजिन त्यानं इतकं मंद ठेवलं होतं, की काठावरून घुंगरं ऐकू यायला लागली तेव्हाही पडद्याच्या खालच्या कडेला ती खूण अजून टेकलेली होती.