फुंकरबाबांची नळी

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. फुंकरबाबांनी अहवाल उंच धरला. "पाहा! पोरीच्या जनुकात खोट होती. लाळेच्या नळीवर आम्ही फुंकर घातली, खोट खलास! विज्ञानानंच शिक्कामोर्तब केलं!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मागं उभी मावशी मात्र गर्दी सारत बहिणीकडं धावली. पोर तिची भाची, अन् अहवाल तिच्याच प्रयोगशाळेचा!

"ताई, गोळ्या चालू आहेत ना?"

"आजपासून बंद. तूच तर तपासलंस!"

"अगं, तिचं हृदय थांबेल!"

"तुला मेलीला बहिणीचं सुख बघवतच नाही."

मावशी निकाल पुन्हा तपासायला धावतच प्रयोगशाळेत गेली. तिथलं काम म्हणजे मासेमारीच. डीएनएचे तुकडे करायचे, प्रत्येकाला नमुन्याची खूण जोडायची, मग हव्या त्या जनुकांपुरते गळ टाकून तेवढेच तुकडे ओढायचे. बाकीचं धुऊन टाकायचं. नळ्यांची अदलाबदल कळावी म्हणून एक गळ फक्त पुरुषांत असणाऱ्या गुणसूत्रासाठीही टाकायचा, हा तिथला शिरस्ता. खोट दिसली नाही म्हणताच मावशी आनंदानं नाचली होती. तो गळ बघायचा राहूनच गेला. आता पाहिला, तर मासा गळाला लागलेला!

ती परतली तेव्हा बाबा हारात बुडाले होते. मावशीनं थेट ध्वनिक्षेपक धरला.

"ताई, लाळ घेतल्यावर नळी कुणाकडं होती?"

"बाबांकडं. फुंकरीसाठी पडद्याआड नेली होती."

"मग बाबा, पोरीच्या नळीत पुरुषाची लाळ कशी?"

"ते आमचं तेज, बाळ!"

"तेज मिसळलं असतं, तर पोरीच्या डीएनएचेही तुकडे दिसले असते. इथं खोट गेली ती गेली, अख्खी पोरगीच गेली! तिची लाळ ओतून टाकलीत नि स्वतःची भरलीत. नाही म्हणता? ही कोरी नळी. सगळ्यांदेखत पोर थुंकेल, तुम्ही लांबून फुंका."

बाबांनी ओठांवर बोट ठेवलं. "आज आमचं मौन."

"आत्तापर्यंत कोण बडबडत होतं?" कुणीतरी ओरडलं. हशा पिकला, अन् त्या हशातच बाबा मागच्या दारानं पसार झाले.

ताईनं पर्स उघडून पोरीला जवळ ओढलं. "घे गं बाई, आधी गोळी घे."

मंडळी, देवाचं नाव मोकळ्या गळ्यानं गा, त्यानं मनाला बळच येतं. पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध सोडू नका. आणि चमत्कार दिसला, की हात जोडण्याआधी एवढंच म्हणा: "महाराज, पुन्हा एकदा, सगळ्यांसमोर!"